आले का चित्र?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मला दरवर्षी विषयही सुचवितात. कधी गणेशोत्सव, कधी मराठीचे अध्यापन, तर कधी आपल्या पूर्वजांचा समुद्रप्रवास. मीही शाळामास्तराच्या आज्ञाधारकपणाने तो विषय घेऊन बसतो. यंदा त्यांनी विषय सांगितला नाही, आणि माझ्या मनात तर गेले वर्ष-दीड वर्ष पंधरा मीटर लांबीची एक केबल वेटोळे घालून बसली आहे. तिच्याविषयी लिहिल्यावाचून ती तेथून हलेल असे दिसत नाही. वाचकांनी हे मोठ्या मनाने सहन करावे.

आमचे घर वाक्वाला आहे. खाली आबा राहतात, वर मी, माझी पत्नी आणि मुले. आबांची सारी हयात साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी गेली. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. कान शाबूत आहेत, स्मरण माझ्याहून बरे आहे, परंतु २०२३ साली डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की त्यांच्या दृष्टीचा मधला भाग हळूहळू विझत चालला आहे. समोरच्या माणसाचा चेहरा धूसर आणि कडेची भिंत मात्र स्वच्छ, असे ते विचित्र दुखणे. चित्र मोठे व उजळ असेल तर त्यांना अजून काही काळ पाहता येईल, असेही डॉक्टर म्हणाले. आबांना सिनेमाचे वेड तरुणपणापासूनचे. शनिवारी पगार झाला की ते आम्हा दोघा भावांना हिंदी चित्रपटाला नेत, आणि मध्येच रीळ तुटले की सगळ्या थिएटरात पहिली शिटी त्यांची असे. (आईला हे कधीच आवडले नाही.) तेव्हा त्यांची दृष्टी उरली आहे तोवर त्यांना घरातच सिनेमा भरपूर दाखवायचा, असे मी ठरविले.

खोली तयारच होती. २०१६ मध्ये वरचा मजला बांधला तेव्हा खालच्या गॅरेजची मी चित्रगृहासारखी एक खोली करून घेतली होती. पडद्याखाली कपाट, कपाटात चित्र पुरविणारी यंत्रे, आणि मागच्या बाजूस छताला प्रोजेक्टर. या दोहोंना जोडणारी एचडीएमआय केबल भिंतीतून वर चढते, स्लॅबमधल्या नळीतून खोली ओलांडते आणि प्रोजेक्टरपाशी बाहेर पडते. ती नळी माझ्या धाकट्या भावाने घातली. तो वायरमन आहे. स्लॅबच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता, "दादा, येथे जाड नळी घालू. आज एक केबल आहे, उद्या कोणती येईल सांगता येत नाही." गवंडी सळया हलवायला कुरकुर करीत होता आणि माझ्या हातात खर्चाची वही होती. मी म्हटले, एवढ्याशा तारेला एवढी मोठी नळी कशाला? त्याने मुकाट्याने पंचवीस मिलिमीटरची नळी घातली, तीतून केबल ओवली आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडले.

सात वर्षे त्या केबलीने कुरकुर न करता काम केले. मग डॉक्टरांचे बोलणे झाले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात मी नवा, अधिक उजळ, फोर-के प्रोजेक्टर आणला. जुन्याच्या जागी नवा टांगला. पहिल्या संध्याकाळी सारे घर जमले. पत्नीने गातो पिमां तळले होते. अकरा मिनिटे चित्र असे दिसले की आबा खुर्चीत पुढे सरकून बसले. बाराव्या मिनिटाला रात्रीच्या एका प्रसंगात पडद्यावर कोणी अक्षता टाकाव्यात तसे पांढरे ठिपके चमकू लागले. मग पडदा काळा झाला. तीन सेकंदांनी चित्र परत आले, पुन्हा गेले, आणि शेवटी निळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे उरली.

आबांनी शिटी वाजविली. सगळे हसले. मी हसलो नाही.

चित्र जाणे हे आमच्या घराला नवे नव्हते. १९९४ च्या फेब्रुवारीत होलांडा चक्रीवादळाने आमचा ॲन्टेना शेजाऱ्याच्या आंब्यावर नेऊन ठेवला. वीज परत आल्यावर आबा तो घेऊन गच्चीवर चढले. मी खोलीत दूरदर्शन संचासमोर, धाकटा जिन्याच्या मध्यावर, आबा वर. आबा ओरडत, "आले का चित्र?" धाकटा तो प्रश्न माझ्याकडे पोचवी, मी उत्तर देई, "थोडे आले!" आणि धाकटा ते वर पोचवी. त्या काळचे चित्र खरोखरच थोडे येत असे. माणसाशेजारी त्याची सावली दिसे, रंग पुसट होत, मुंग्या चालत. पण बातम्या सांगणारी बाई ओळखू येई. तार लांब झाली की चित्र तेवढे मळे. रोग्याच्या चेहऱ्यावरून रोग कळावा तसा तो प्रकार होता.

नव्या संकेताचा स्वभाव निराळा आहे. तो आकड्यांचा बनलेला असतो. वाटेत तो कितीही अशक्त झाला तरी पलीकडच्या यंत्राला शून्य कोणते व एक कोणता एवढे ओळखता येत असेल, तर चित्र निर्दोष उमटते. ते ओळखणे क्वचित चुकू लागले की ठिपके दिसतात, आणि जरा अधिक चुकले की चित्रच नाहीसे होते. निर्दोष चित्र आणि काळा पडदा यांमध्ये फार थोडी जागा असते. म्हणून दोष शोधणाऱ्याची फसगत होते. काल तीन तास चाललेली केबल खराब कशी असेल, असे त्याला वाटते, आणि ती तर कालही कड्याच्या टोकावरच उभी असते.

मला हे सारे पुढे कळले. प्रारंभी मी जे केले ते सांगताना संकोच वाटतो. शाळेत मी मुलांना बजावतो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. स्वतःच्या घरी मी एकाच संध्याकाळी पेटी बदलली, ॲम्प्लिफायर मधून काढून टाकला आणि प्रोजेक्टरच्या दहा-बारा खुणा इकडच्या तिकडे केल्या. त्या रात्री चित्र गेले नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा गेले. पहिल्या रात्री ते कशाने बरे झाले होते हे मला आजही सांगता यायचे नाही. नवी पेटी मी दुकानात परत केली. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्याच नजरेने मी उशिरा वही आणणाऱ्या विद्यार्थ्यांकडे पाहत असतो.

आबा मात्र दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते, "नळी लांब आहे. लांब नळीत वाफ शेवटी थंड होते." मी मान डोलावली आणि ते विसरून गेलो. वाफ आणि वीज यांचा काय संबंध?

१५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाने पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली घातले. त्यानंतरच्या दिवसांत आमच्या टाकीवरचा पंप सारखा सुरू होत असे. माझी पत्नी म्हणाली, "पंप सुरू झाला की चित्र जाते. तुमच्या लक्षात आले का?" आले नव्हते. आम्ही दोनदा, चारदा पाहिले. खरेच, पंपाचा खट् असा आवाज झाला की पडदा काळा! मला अपराधी सापडला. विजेची तार केबलीशेजारून गेली असली पाहिजे, किंवा वळणावर केबल चेपली असली पाहिजे. दोन्ही कामे धाकट्याची.

वादळानंतर घर ठीक आहे ना हे पाहायला तो आला तेव्हा मी ते त्याला सांगितले. नुसते सांगितले नाही. आबांसमोर, चहाच्या वेळी, मास्तराच्या आवाजात सांगितले. तो म्हणाला, "दादा, विजेची नळी दुसऱ्या भिंतीत आहे. आणि ही केबल सात वर्षे याच नळीतून चित्र नेत होती. नळी तीच, केबल तीच. बदलले काय ते बघ." या वाक्यात साऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. परंतु मी म्हणालो, "काँक्रीटमध्ये तू काय पुरून ठेवलेस ते मला काय ठाऊक?" त्याने चहा अर्धा ठेवला व उठून गेला.

त्यानंतर तो आमच्या घरी फारसा आला नाही. गणेश चतुर्थीला आला. गणपतीला नमस्कार केला, आबांच्या पाया पडला, आणि पान मांडण्यापूर्वीच काम असल्याचे सांगून निघाला. त्या रात्री आबा एवढेच म्हणाले, "चित्र नाही दिसले तरी चालेल मला." पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही, आणि मीही ऐकू आले नाही असे दाखविले.

मधल्या महिन्यांत आबा तुटक तुटक सिनेमे पाहत, आणि कंटाळले की आपली तबकडी लावायला सांगत. १९९६ च्या गणेशोत्सवात आमच्या मामांनी आबांच्या झाकरीचे चित्रण केले होते. मध्यभागी ढोलकी आणि टाळ, भोवती फेर धरून नाचणारी मंडळी, आणि पुढचे पद उचलून देणारे आबा, डोक्याला फेटा, वय पंचावन्नच्या आसपास. त्या फितीची पुढे डीव्हीडी करून घेतली. ती आम्ही जुन्या डीव्हीडी यंत्रावर लावतो. नोव्हेंबरात शाळेला सुटी लागली. एका दुपारी ती तबकडी चालू असताना पंप सुरू झाला. मी सवयीने पडद्याकडे पाहिले. चित्र जागच्या जागी होते. आबा म्हणाले, "माझी झाकरी कधी जात नाही. तुझे नवे सिनेमेच जातात."

मी वही आणली. इतक्या महिन्यांनी का होईना, मास्तर घरी परतला.

पहिला प्रयोग असा केला. शिडीवर फळी ठेवून पेटी थेट प्रोजेक्टरपाशी नेली व दोन मीटरच्या आखूड केबलीने जोडली. दोन तास फोर-के चित्र पाहिले, पंप चार वेळा सुरू केला. एक ठिपकाही नाही. म्हणजे पेटी निर्दोष आणि प्रोजेक्टरही निर्दोष. दोष या दोहोंच्या मधल्या वाटेत. दुसरा प्रयोग: पेटी पुन्हा कपाटात, लांब केबल जोडलेली, परंतु पेटीला १०८० रेषांचे जुने चित्र पाठविण्यास सांगितले. रात्रभर चालले. तिसरा: तेच सारे, पण फोर-के. चौथ्या मिनिटाला अक्षता.

मग मी आकडे मांडले. या केबलीत तांब्याच्या पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. तीन जोड्या चित्र नेतात, चौथी ताल धरते. १०८० रेषांचे, सेकंदाला ६० वेळा उमटणारे चित्र त्या तीन जोड्यांतून सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट एवढ्या वेगाने धावते. फोर-के चित्र त्याच साठाच्या वेगाने पाठविले की तो आकडा जवळजवळ १८ गिगाबिटांवर जातो. आबांच्या झाकरीचे ५७६ रेषांचे चित्र एक गिगाबिटाहूनही कमी मागते. संकेत जितका वेगवान तितका तांब्यात तो लवकर क्षीण होतो, कारण वेग वाढला की वीज तारेच्या पोटातून न वाहता केवळ पृष्ठभागाच्या कातडीतून वाहू लागते. शिवाय जोडीतल्या दोन तारांपैकी एकीचा संकेत किंचित मागे पडला तरी मेळ बिघडतो. झाकरीच्या फेरात दोघांची पावले अर्ध्या ठोक्याने चुकली तर काय होते, ते आपणांस सांगावयास नको. आखूड वाटेवर हे खपून जाते. साध्या तांब्याच्या केबलीतून १८ गिगाबिट पाच-सात मीटरांच्या पुढे सुखरूप नेणे अवघड आहे, आणि आमची वाट पंधरा मीटरांची. केबल बिघडली नव्हतीच. २०१६ साली तिच्या डोक्यावर जेवढे ओझे होते त्याच्या चौपट मी तिला उचलायला लावले होते. पंपाचा दोष एवढाच की मुळातच धापा टाकणाऱ्या संकेताला तो शेवटचा धक्का देत होता.

लांब नळीत वाफ शेवटी थंड होते. आबा वर्षभरापूर्वी हे सांगून मोकळे झाले होते.

आणखी एक गोष्ट वहीत उतरवावी लागली, आणि ती उतरविताना हात जड झाला. आकड्यांप्रमाणे १०८० व फोर-के यांच्या मधला एक टप्पा करून पाहावा म्हणून मी फोर-के चित्र सेकंदाला २४ वेळा पाठविले. हा भार सुमारे ९ गिगाबिटांचा. हे तरी चालावे अशी अपेक्षा होती. चाले, पण तासातून एकदा-दोनदा तुटे. शिडीवर चढून प्रोजेक्टरच्या मागे हात घातला तेव्हा बोटांना एक लहानशी डबी लागली. नवा प्रोजेक्टर जुन्याहून मागे टांगावा लागला होता व केबल थोडी अपुरी पडली होती. तेव्हा मीच एक जोड लावून तिला मीटरभराचा तुकडा जोडला होता. प्रत्येक जोडापाशी संकेताचा काही भाग भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा मागे परततो, हे मला ठाऊक नव्हते. तो जोड मी विसरूनही गेलो होतो. धाकट्याने विचारले होते, बदलले काय ते बघ. बदलला होता प्रोजेक्टर, आणि बदलली होती ही डबी, आणि दोन्ही माझ्या हातची.

प्रोजेक्टर अर्धा हात पुढे सरकवून, केबल ताणून, मी ती डबी काढून टाकली. मग पेटीच्या यादीत एक खूण सापडली. सिनेमा मुळात सेकंदाला २४ चित्रांचाच असतो. आमची पेटी ती विनाकारण साठ करून पाठवीत होती. जसा सिनेमा तसाच वेग ठेव, असे तिला सांगितले. त्या रात्री आबांनी एक संपूर्ण चित्रपट न तुटता पाहिला. ज्यांच्या घरी असाच त्रास असेल त्यांनी काँक्रीट फोडण्यापूर्वी किंवा भावाशी भांडण्यापूर्वी या दोन गोष्टी करून पाहाव्यात. त्यांना एक रुपयाही लागत नाही.

तरीही साठाच्या वेगाचे फुटबॉलचे सामने आमच्या केबलीला पेलत नव्हते, आणि आबा मँचेस्टर विरुद्ध लिव्हरपूल हा प्रश्न फार गंभीरपणे घेतात. आपल्या बेटावर अर्धी घरे एका बाजूला व अर्धी दुसऱ्या बाजूला असतात, हे वाचक जाणतातच. पण खरे सांगावयाचे तर सामने हे निमित्त होते. मी धाकट्याला फोन केला व म्हटले, "जोड मीच लावला होता. तुझी नळी ठीक आहे." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "काचेची केबल मागव. मी रविवारी येतो."

ही काचेची केबल मोठी नवलाची वस्तू आहे. तिच्या पोटात केसासारखे काचेचे तंतू असतात. एका टोकाला विजेचा प्रकाश होतो, दुसऱ्या टोकाला प्रकाशाची पुन्हा वीज होते, आणि पंधरा मीटर म्हणजे प्रकाशाला काहीच नव्हे. पंपाची खटखट काचेला ऐकूही येत नाही. आमच्यासारख्या अरुंद नळीच्या घरांसाठी तिचे डोके सुटे करता येते. उरते ते करंगळीएवढे टोक.

रविवारी त्याने जुन्या केबलीचे कपाटाकडचे डोके कापले, तिला नव्या केबलीचे टोक चिकटपट्टीने बांधले, वर टाल्कम पावडर चोळली, आणि शिडीवर चढून जुनी केबल ओढू लागला. मी खालून नवी सोडीत होतो. जड नळीची हौस न करणाऱ्या माणसाला त्या अर्ध्या तासात पुष्कळ विचार करता आले. अखेर जुनी केबल सगळी बाहेर आली. आम्ही ती अंगणात लांब पसरली. मी एका टोकाने व त्याने दुसऱ्या टोकाने तिच्यावरून बोटे फिरवीत मध्यावर आलो. दोन वळणांची दोन सौम्य बाके तेवढी होती. ती कोठेही चेपलेली नव्हती, कोठेही सोललेली नव्हती. तो काही बोलला नाही. त्याने तिचे वेटोळे केले आणि आपल्या गाडीत टाकले. "तांबे आहे," एवढेच म्हणाला.

नवी केबल जोडली, आणि चित्र आले नाही. मी पुन्हा वही शोधू लागलो. धाकट्याने प्रोजेक्टरकडचे टोक उलटून पाहिले. प्रकाश या केबलीतून एकाच दिशेने जातो. कोणते टोक यंत्राचे व कोणते पडद्याचे ते तिच्यावर छापलेले असते. मी त्याला उलटे टोक दिले होते. चाळीस वर्षांच्या वयाला साजेशी शिवी त्याने क्रिओलमध्ये दिली, आणि आम्ही सारी केबल परत ओढून दुसऱ्यांदा घातली. आबा खुर्चीत बसून हे सर्व ऐकत होते. अलीकडे ते मान किंचित तिरपी करून, डोळ्याच्या कडेने पाहतात. तसे ते शिडीकडे पाहत होते.

धाकटा छतापाशी, मी कपाटात डोके घालून. वरून आवाज आला, "दादा, आले का चित्र?" मला कपाटातून पडदा दिसत नव्हता. आबांनी मध्येच उत्तर दिले, "आले!"

त्या दिवशी तो जेवायला थांबला. जेवणानंतर आधी झाकरी लागली, कारण आबांचा तसा हुकूम होता, आणि मग सामना. दुसऱ्या अर्ध्यात बाहेर पंप खट् करून सुरू झाला. आम्ही तिघांनीही श्वास रोखून पडद्याकडे पाहिले. चेंडू मैदानावरून धावतच होता.